विश्लेषण : यंत्राच्या भावना खऱ्या की दिखाऊ? या वादात देवगिरीच्या शार्ङ्गदेवाची आठवण का होते?

फुलंब्री : मोबाइलवरच्या एआय चॅटबॉटला रात्री कुणीतरी लिहितं की आज काही केल्या मन लागत नाही. क्षणात उत्तर येतं. त्यात काळजी असते, धीर असतो, आपुलकी असते. वाचणाऱ्याला खरोखर हलकं वाटतं. पण ती काळजी नेमकी कुणाला वाटली? यंत्राला, ते बनवणाऱ्या इंजिनीअरला, की फक्त वाचणाऱ्याला?

परिस्थिती पाहून स्वतः पुढचं पाऊल ठरवणाऱ्या संगणकीय प्रणालीला एजंट म्हणतात. अशा एजंटमध्ये भावनांचा नमुना कसा उभा करायचा, आणि कुणी मुद्दाम न घालताही त्यात भावनेसारखं काही तयार होतं का, यावर जगभर संशोधन चालू आहे. या प्रश्नाचं एक जुनं रूप आपल्याच जिल्ह्यात, देवगिरीला, तेराव्या शतकात चर्चेला आलं होतं. तेव्हा प्रश्न यंत्राचा नव्हता, रंगमंचावरच्या नटाचा होता. त्याचं उत्तर लिहून ठेवणारा माणूस होता यादवांच्या दरबारातला हिशेबाचा वरिष्ठ अधिकारी, शार्ङ्गदेव.

छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्याच्या रस्त्याला लागलं की फुलंब्री येतं आणि वेरूळच्या रस्त्याला लागलं की देवगिरीचा किल्ला. किल्ला सगळ्यांनी पाहिलेला असतो. तिथे लिहिल्या गेलेल्या ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथाचं नाव मात्र संगीत शिकणाऱ्यांपलीकडे फारसं पोहोचलेलं नाही.

कोण होता शार्ङ्गदेव?

त्याच्याबद्दल जी माहिती मिळते ती मुख्यतः त्याच्याच ग्रंथाच्या सुरुवातीला आहे. घराणं मूळचं काश्मीरचं. आजोबा भास्कर दक्षिणेत आले. (‘लीलावती’ लिहिणारे गणिती भास्कराचार्य वेगळे.) वडील सोढल यादवांच्या सेवेत होते. बाराव्या शतकाच्या अखेरीस भिल्लम राजाने देवगिरीला राजधानी वसवली आणि पुढे सिंघण राजाच्या काळात, म्हणजे सुमारे १२१० ते १२४७ या वर्षांत, यादवांचं राज्य भरभराटीला आलं. शार्ङ्गदेव या सिंघणाच्या पदरी होता.

त्याचं काम श्रीकरणाचं, म्हणजे राज्याचे हिशेब आणि दप्तर यांच्या प्रमुखाचं. महाराष्ट्राला हे पद दुसऱ्या एका नावामुळे जास्त ओळखीचं आहे. काही दशकांनी हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत यांनी देवगिरीतच हे खातं सांभाळलं. शार्ङ्गदेवाला वैद्यकही येत होतं. गरजूंना पैसा, शिकणाऱ्यांना विद्या आणि आजाऱ्यांना औषध देणारा, अशी स्वतःची ओळख त्याने करून दिली आहे. तो स्वतःला निःशंक म्हणवतो. या नावाची एक वीणाही त्याच्या ग्रंथात वर्णिलेली आहे.

सिंघणाच्या दरबारात विद्येला मान होता. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव त्याचा ज्योतिषी होता आणि आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने चाळीसगावजवळच्या पाटण इथे मठ स्थापला होता. गणित, ज्योतिष, वैद्यक आणि गाणं एकाच छताखाली नांदत होतं, अशा वातावरणात शार्ङ्गदेवाने लेखणी उचलली.

हिशेब पाहणाऱ्याने संगीताचा ग्रंथ कसा लिहिला?

भरत, मतंग, दत्तिल, कोहल, अभिनवगुप्त अशा अनेकांची मतं तोवर वेगवेगळ्या ग्रंथांत विखुरलेली होती. शार्ङ्गदेवाने ती एकत्र करून सात अध्यायांत मांडली : स्वर, राग, गायनवादनाचे संकीर्ण विषय, प्रबंध म्हणजे बांधलेल्या रचना, ताल, वाद्यं आणि नृत्य. रागांची संख्याच २६४ भरते.

ग्रंथाची सुरुवात मात्र गाण्याने होत नाही, माणसाच्या शरीराने होते. गर्भ कसा तयार होतो, शरीराचे भाग कोणते, श्वास कुठून कुठे जातो, हे आधी येतं. प्राण आणि अग्नी यांच्या संयोगातून नाद उत्पन्न होतो आणि छाती, गळा, मस्तक या जागी तो मंद्र, मध्य आणि तार होतो, असं तो सांगतो. हा लेखक वैद्य आहे, हे इथे कळतं. त्याच्या दृष्टीने सूर आधी शरीरात जन्मतो.

मग हिशेबनीस पुढे येतो. सा, रे, ग हे तीन स्वर घेतले तर त्यांच्या सहा रचना होतात : सारेग, रेसाग, सागरे, गसारे, रेगसा, गरेसा. चार स्वरांच्या २४, पाचांच्या १२०, सहांच्या ७२० आणि सातांच्या ५,०४०. या सगळ्या रचना क्रमाने मांडायची पद्धत त्याने दिली. त्याहून पुढे जाऊन दोन प्रश्न सोडवले. रचनेचा क्रमांक सांगितला तर ती रचना कोणती? आणि रचना सांगितली तर तिचा क्रमांक किती? पहिल्याला नष्ट, दुसऱ्याला उद्दिष्ट म्हणतात.

यासाठी त्याने खंडमेरू नावाचं कोष्टक दिलं. कोष्टकाच्या घरांत आकडे असतात. ठरलेल्या नियमाने खडे सरकवायचे, ते ज्या घरांत थांबतील तिथल्या आकड्यांची बेरीज करायची, की क्रमांक हाती येतो. यादीतल्या आधीच्या सगळ्या रचना लिहून काढायची गरज राहत नाही. आजच्या भाषेत याला अल्गोरिदम म्हणतात.

स्वरांमधून भावना येते, हे त्याने कसं मांडलं?

५,०४० रचना मोजता आल्या तरी त्यांतली कोणती ऐकून माणूस गहिवरेल, हे कोष्टक सांगत नाही. भावनेसाठी शार्ङ्गदेवाने वेगळी मांडणी दिली. सा आणि रे हे वीर, अद्भुत आणि रौद्र रसांसाठी, ध हा बीभत्स आणि भयानक रसांसाठी, ग आणि नी करुणासाठी, तर म आणि प हास्य आणि शृंगारासाठी.

नृत्याच्या अध्यायात हीच नोंदवही आणखी बारीक होते. नजरेचे ३६ प्रकार, मान, हात, कंबर, पाय यांच्या हालचाली आणि त्यांतून कोणता भाव दिसतो याचे नियम. हसू, शोक, राग, उत्साह, भीती असे टिकून राहणारे भाव वेगळे. शंका, लाज, आळस असे येऊन जाणारे ३३ भाव वेगळे. घाम फुटणं, अंगावर काटा येणं, आवाज बदलणं, डोळ्यांत पाणी येणं असे शरीरावर उमटणारे आठ भाव वेगळे.

हे सगळं भरताच्या नाट्यशास्त्रापासून चालत आलं होतं. त्या परंपरेचा गाभा असा, की रस हा कोणत्याही एका घटकात नसतो. कारण, त्यावरची कृती आणि येणारेजाणारे भाव एकत्र आले की रस तयार होतो. पन्ह्याचं उदाहरण घेता येईल. कैरी आंबट, गूळ गोड, वेलची सुगंधी, पण पन्ह्याची चव यांपैकी एकात शोधून सापडत नाही. ती मिश्रणात येते. सुट्या भागांत नसलेला गुण एकत्र आल्यावर दिसू लागणं, याला आजचे संशोधक इमर्जन्स म्हणतात. मराठीत त्याला उद्भव म्हणता येईल.

नटाला रस चाखता येतो का?

रस तयार होतो हे मान्य केलं, तरी तो कुठे तयार होतो? यावर शार्ङ्गदेवाच्या आधीच मोठा वाद झाला होता. लोल्लटाच्या मते मुळातला भाव प्रबळ होऊन रस बनतो. तो मुख्यतः रामासारख्या मूळ व्यक्तीत आणि काही अंशी तिची भूमिका करणाऱ्या नटात असतो. शंकुकाच्या मते प्रेक्षक नटाच्या अनुकरणावरून भावाचं अनुमान करतो. चित्रातला घोडा खरा नसतो, पण तो पाहून आपण घोडाच म्हणतो, तसं. अभिनवगुप्ताने रसाची जागा प्रेक्षकाच्या मनात दाखवली.

शार्ङ्गदेवासमोर हा वाद एका वेगळ्या वाटेने आला. काही जाणकारांचं म्हणणं होतं की नाटकात आठच रस असू शकतात, नववा शांतरस शक्य नाही. रंगमंचावर वावरणारा, बोलणारा, नाचणारा नट खरोखर शांत कसा असेल? आणि तोच शांत नसेल तर शांतरस येणार कुठून?

शार्ङ्गदेवाने हा आक्षेप मुळातच चुकीचा ठरवला. त्याचा मुद्दा सरळ होता. नट कोणताच रस चाखत नाही. शोकाच्या प्रसंगात त्याला शोक व्हायला लागत नाही, तर शांतरसासाठी तो शांत असण्याची अट का? रस चाखतात ते समोर बसलेले सामाजिक, म्हणजे प्रेक्षक. नट हे फक्त पात्र आहे.

पात्र या शब्दाचे दोन्ही अर्थ मराठीत आजही जिवंत आहेत. नाटकातलं पात्र आणि पाणी पिण्याचं पात्र. भांड्याला पाण्याची चव कळत नाही, ती पिणाऱ्याला कळते. पुढच्या काळात संस्कृत साहित्यशास्त्रात शांतरसावर चर्चा झाली तेव्हा हा युक्तिवाद पुन्हा उद्धृत झाला. सतराव्या शतकातल्या जगन्नाथ पंडिताच्या ‘रसगंगाधर’ ग्रंथातही तो येतो.

हरिनाम सप्ताहात कीर्तन ऐकताना आपल्याकडे हे अनेकदा दिसतं. आख्यानात मंडप रडत असतो आणि त्याच क्षणी कीर्तनकाराचं लक्ष ताल, टाळकरी आणि पुढचा अभंग यांवर असतं. म्हणून ऐकणाऱ्याचे अश्रू खोटे ठरत नाहीत.

आजच्या एजंटांशी याचा संबंध काय?

यंत्रातल्या भावनेकडे संशोधक प्रामुख्याने दोन बाजूंनी गेले आहेत. पहिली वाट नियमांची. १९८८ मध्ये ऑर्टनी, क्लोर आणि कॉलिन्स या तिघांनी भावनांचे २२ प्रकार मांडले. हवं ते घडलं तर आनंद, नको ते घडण्याची शक्यता दिसली तर भीती, दुसऱ्याच्या कृतीमुळे नुकसान झालं तर राग, असे त्यांचे नियम. ही मांडणी संगणकात उतरवायला सोपी असल्याने पुढे अनेक आभासी पात्रांसाठी वापरली गेली. शार्ङ्गदेवाच्या भावांच्या याद्यांशी तिचं साम्य चटकन लक्षात येतं.

दुसरी वाट उद्भवाची. मेंदूचे अभ्यासक व्हॅलेंटिनो ब्रायटनबर्ग यांनी १९८४ च्या पुस्तकात कल्पनेतल्या छोट्या गाड्या वर्णिल्या. गाडीला प्रकाश ओळखणारे दोन सेन्सर आणि दोन मोटारी. डावा सेन्सर डाव्या मोटारीला आणि उजवा उजव्या मोटारीला जोडला, तर बाजूला दिवा दिसताच गाडी वळून पळते. तारा उलटसुलट जोडल्या, तर ती दिव्यावर धावून जाते. पाहणारा म्हणतो, पहिली भित्री आणि दुसरी चिडकी. आत मात्र भीती किंवा राग असं काहीही लिहिलेलं नसतं, फक्त दोन तारा असतात.

त्याआधी, १९६६ मध्ये, अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये जोसेफ वायझनबाम यांनी एलायझा नावाचा संवाद करणारा प्रोग्राम प्रसिद्ध केला होता. समोरच्याचीच वाक्यं थोडी फिरवून तो प्रश्न विचारत असे. तरीही वायझनबाम यांच्या सेक्रेटरीने तो वापरताना त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं, कारण तिला खासगीत बोलायचं होतं. प्रोग्राम कसा तयार झाला, हे तिने जवळून पाहिलेलं होतं. या अनुभवाने वायझनबाम अस्वस्थ झाले आणि पुढे या तंत्राचे टीकाकार बनले.

आजचे चॅटबॉट एलायझाच्या कितीतरी पुढे गेले आहेत. माणसांनी लिहिलेल्या प्रचंड मजकुरातून ते शिकतात, त्यामुळे दुःखाला धीराचे शब्द जोडणं त्यांना वेगळं शिकवावं लागत नाही. म्हणूनच जुना वाद पुन्हा उभा राहिला आहे. काही जण म्हणतात, यंत्राच्या आतली एखादी स्थिती भीतीचं किंवा समाधानाचं काम करत असेल, तर तिला भावना म्हणायला काय हरकत आहे? काही जण म्हणतात, ही पाहणाऱ्याने काढलेली अनुमानं आहेत. आणि काही जण म्हणतात, जे काही घडतं ते वाचणाऱ्याच्या मनात घडतं. लोल्लट, शंकुक आणि अभिनवगुप्त यांच्या भूमिकांचे पडसाद यात ऐकू येतात.

म्हणजे शार्ङ्गदेवाला एआय माहीत होतं का?

नाही. तसा दावा करणं त्याच्यावरच अन्याय ठरेल. तो नट, गायक आणि नर्तकी यांच्याबद्दल लिहीत होता. त्याचा नट रस चाखत नसला तरी तो जिवंत माणूस आहे. घरी गेल्यावर त्याला स्वतःचं दुःख आहे, भूक आहे. अश्रू आणि रोमांच यांसारखे भाव दाखवायला मन एकाग्र करावं लागतं, असंही ही परंपरा मानते. यंत्राला ना श्वास आहे ना घाम. ज्या लेखकाने संगीताचा ग्रंथ शरीरापासून सुरू केला, त्याच्या चौकटीत शरीर नसलेल्या आवाजाला जागा शोधणं कठीण आहे.

त्याची एक गोष्ट मात्र आज थेट उपयोगी पडते. भावना दाखवणं आणि भावना अनुभवणं या दोन क्रिया त्याने वेगळ्या केल्या आणि त्या दोन वेगळ्या ठिकाणी घडू शकतात हे सांगितलं. दाखवणाऱ्यात काही नसलं तरी पाहणाऱ्याचा अनुभव खरा असू शकतो. पाहणाऱ्याचा अनुभव खरा आहे, एवढ्यावरून दाखवणाऱ्याच्या आतही तो आहे असं सिद्ध होत नाही.

त्याच्या ग्रंथाचं पुढे काय झालं?

१२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीने देवगिरीवर स्वारी केली. पुढच्या काही दशकांत यादवांचं राज्य संपलं आणि १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानी इथे हलवली. देवगिरीचं दौलताबाद झालं. राज्य गेलं तरी ग्रंथ टिकला. त्यावर सिंहभूपालाने टीका लिहिली आणि पंधराव्या शतकात विजयनगरच्या आश्रयाने कल्लिनाथाने. हिंदुस्तानी आणि कर्नाटक या दोन्ही संगीतपरंपरा आजही या ग्रंथाला आपला आधार मानतात. १८९६-९७ मध्ये पुण्याच्या आनंदाश्रमाने मंगेश रामकृष्ण तेलंग यांच्या संपादनाखाली तो छापला. नंतर ग. ह. तारळेकर यांनी तो मराठीत आणला.

मात्र ग्रंथ उघडून त्यातले राग जसेच्या तसे गाता येत नाहीत. बरीच नावं तीच राहिली, पण रूपं बदलली. त्या काळचं शुद्ध सप्तक आजच्या बिलावलासारखं नव्हतं. अनेक अभ्यासकांच्या मते ते काफीच्या जवळ जाणारं होतं. म्हणजे शार्ङ्गदेव ज्या ‘ग’ला करुण म्हणतो, तो आजच्या पेटीवरच्या शुद्ध ‘ग’हून वेगळा. नियम कागदावर राहिला, पण ज्या कानांसाठी तो लिहिला होता ते कान राहिले नाहीत.

भावनांचे नमुने बनवणाऱ्या इंजिनीअरांसाठी यात धडा आहे. एका समाजाच्या बोलण्यावरून, चेहऱ्यांवरून तयार केलेला नियम दुसऱ्या समाजात चालेलच असं नाही. मराठवाड्यातल्या गावात मयताच्या घरी माणूस तासभर काही न बोलता बसून येतो. बोलण्यावरूनच सहानुभूती मोजणारं यंत्र त्याला शून्य गुण देईल.

मोबाइल हातात असलेल्या वाचकाने यातून काय घ्यायचं?

पहिलं, चॅटबॉटशी बोलून बरं वाटलं तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. नाटक पाहून डोळे भरून येणारा माणूस मूर्ख नसतो. अनुभव त्याचा स्वतःचा असतो आणि तो खरा असतो.

दुसरं, त्या बरं वाटण्यावरून पलीकडे आपली काळजी करणारं कुणी बसलं आहे असं धरून चालू नये. नाटक पाहणाऱ्याला हे नाटक आहे याची जाणीव असते. पडदा असतो, तिकीट असतं, खेळ संपतो. मोबाइलवर पडदा पडत नाही. पात्राला कधी थकवा येत नाही, ते रात्री दोनलाही तयार असतं. प्रेक्षक आपण प्रेक्षक आहोत हे विसरतो तो याच ठिकाणी. एकटेपणा, नैराश्य किंवा आत्महत्येचे विचार असतील, तर जवळच्या माणसाशी आणि डॉक्टरांशी बोलण्याला पर्याय नाही.

तिसरं, पात्राला चव कळत नाही म्हटल्यावर जबाबदारी पात्रावर टाकता येत नाही. त्यात काय भरायचं, ते कुणापुढे ठेवायचं आणि त्यातून पैसा कसा कमवायचा, हे कंपन्या ठरवतात. यंत्राला खरंच काही वाटतं का, या वादाचा निकाल लागायचा तेव्हा लागेल. ते वाचून माणसाला काय वाटतं आणि त्या वाटण्याचा कोण कसा उपयोग करून घेतं, हे आजच विचारता येतं.

राज्याचा जमाखर्च पाहणाऱ्या शार्ङ्गदेवाने सात स्वरांच्या ५,०४० रचनांचा हिशेब चोख मांडला. रसाचा प्रश्न आला तेव्हा मात्र त्याचं बोट कोष्टकाकडे किंवा नटाकडे न जाता समोर बसून ऐकणाऱ्या माणसाकडे गेलं.